वरचा समोरचा

सहा रात्री ठनका मोजला मी.
केरव्यात होता, सम पक्की.
आमचा ढोलवाला सदूबी
इतका लयीत कधी वाजवत नाही.

तोंडात दात अठ्ठावीस,
पन सुजला नेमका वरचा समोरचा,
ज्याच्यावर क्लॅरनेट टेकते.
लोकाइले वाटते हे फुकाचं काम हाय.
फुकून नुसती शिट्टी वाजते, बाप्पा.
सूर दातातून हाडात जाते,
हाडातून कानशिलात,
तवा समजते आपन खरे का खोटे.

मेडिकलवाला रूपेश म्हने, पाच दिसाच्या गोळ्या खाय.
तीन दिसात सूज बसली.
उरलेल्या दोन दिसाच्या
रीडच्या डब्यात ठेवल्या, फुडच्या सुजीसाठी.
असं चार डाव झालं.

मावशी म्हने, वरचा दात उपटला का डोळा जाते.
तीन जनाइचे नावं सांगतले तिनं.
तिघंबी सत्तरीच्या फुडचे.
तरी मी रात्री एक डोळा झाकून
दिव्याकडं पाहून घेतलं.

दारव्ह्याले सरकारी दवाखान्यात
दातावाल्या बाई मंगळवारी आन शुक्रवारी.
मंगळवारी लग्न, शुक्रवारी हळदबी आन वरातबी.
अकजीपासून तारखा भरलेल्या, इसार घेतलेला,
पार्टीत क्लॅरनेटवाला एकच.
या दातानं बुधवारी दुखाले पाह्यजे होतं,
पन त्याले कोन सांगाव?

मंग नेरच्या वरातीत,
जनरेटरच्या धुरात, नवरदेवाच्या घोड्याम्होरं,
वरचा सूर धरला आन आत काहीतरी फुटलं.
गरम. खारट. वास असा का नाक बंद करा.
थुकाले जागा नाही, चारी बाजूनं वऱ्हाडी.
गिळलं, आन गानं पुरं केलं.
इतकं हलकं वाटलं, राज्या,
डोक्यावरचा भारा कोनं उतरून घेतल्यावानी.
मले वाटलं, सुटलो. पोरं मनत होते,
शालिकभाऊ, आज लय सुरात हाय.

ठमके डॉक्टरीनबाईनं फोटो खिडकीकडं धरला.
"फुटलं म्हणजे गेलं नाही. मुळाशी पिशवी तशीच आहे.
काढायचा तर आत्ता, इथं, फुकट.
वाचवायचा तर यवतमाळ, तीन खेपा, चारेक हजार.
आपल्या मशीनचा एक भाग यायचा आहे."
कवा, ते तिनं सांगतलं नाही.
मंग हातमोजे घालता घालता म्हने,
"काम काय करता?"
"क्लॅरनेट वाजवतो."
तिनं हातमोजा परत काढला.
"मग काढू नका."

पंचफुला बाजूच्या स्टुलावर होती.
येतांनी एस्टीत लाडखेडपावतर बोलली नाही.
मंग म्हने, "माही दाढ सुजली होती ना,
तवा शाळेच्या व्हरांड्यात शिबीर होतं.
लंबी लाईन. चौघीच्या एका सकाळी काढल्या.
काम काय करता, असं कोनं इचारलं नाही."
"इचारलं असतं तं काय सांगतलं असतं तुनं?"
खिडकीतून सागाचे झाडं मांगं गेले बरेच.
"भाकर खातो, मनलं असतं."

मालकानं दोन हजार उचल देल्ली.
उरलेले तिनं बचत गटातून काढले.
गटाच्या वहीत कारन लिहा लागते.
कोन म्हने बियानं लिही, कोन म्हने शाळेची फी.
तिनं पेन घेतला, जीभ त्या रिकाम्या जागेत फिरवली,
सवय हाय तिले, इचार करतांनी,
आन लिवलं:
क्लॅरनेट दुरुस्ती.

अध्यक्षबाईनं मोठ्यानं वाचलं,
शिक्का मारला,
आन फुडच्या बाईचं नाव घेतलं.